विमानाची निकेल-कॅडमियम बॅटरी: एकेक सेल पाहून कशी सुधारायची

बॅटरीच्या दोन मुख्य टोकांना मीटर लावायचा, २५ व्होल्ट दिसले की कार्डावर ‘ठीक’ लिहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, अशी पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. विमानाच्या निकेल-कॅडमियम बॅटरीत त्या २५ व्होल्टवरून फार थोडं कळतं. आत साधारण २० सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येक १.२ व्होल्टचा. एकोणीस धडधाकट आणि एक गेलेला असला तरी बेरीज जवळपास तेवढीच येते. तो एक सेल इंजिन सुरू करताना दगा देतो, नाहीतर हवेत असताना तापायला लागतो. म्हणून मी शिकवताना पहिल्या दिवशी एकच सांगतो: सुधारायचा असतो तो सेल. वीस सेलची वीस खाती वहीत उघडा आणि शेवटपर्यंत वेगवेगळी चालवा.

मी हवाई दलात इलेक्ट्रिकल फिटर होतो, आणि नोकरीतला बराच काळ बॅटरी रूममध्ये गेला. आता कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, भावाच्या वर्कशॉपमागच्या खोलीत बाक मांडला आहे. विमान देखभालीचं शिक्षण घेणारी आपल्या भागातली काही पोरं आणि माझी पुतणी सुट्टीच्या दिवशी तिथे हात साफ करायला येतात. सरावाला विमानातून कायमची उतरवलेली एक बॅटरी आहे, २० सेलची, ४० अँपिअर-अवर क्षमतेची, म्हणजे एक तास ४० अँपिअर देऊ शकणारी. खालचे आकडे तिच्या हिशेबाने दिले आहेत. तुमच्यासमोर दुसरी बॅटरी असेल तर तिच्या निर्मात्याचं मॅन्युअल उघडा. माझं आणि मॅन्युअलचं जिथे जुळणार नाही तिथे मॅन्युअल खरं.

दुसरी गोष्ट कामाला हात लावण्याआधीच समजून घ्या. विमानात परत बसणारी बॅटरी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, सीएआर-१४५ (विमान देखभालीची) मान्यता असलेल्या शॉपमधूनच, अधिकृत सहीने बाहेर पडते. आमच्या बाकावर कितीही चांगली सुधारली तरी ती उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, धावपट्टीवर जाणार नाही, आणि जाऊही नये. इथे तयार व्हायचा तो हात आणि नजर.

खोली कशी हवी

निकेल-कॅडमियम बॅटरीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी असतं, म्हणजे अल्कली. ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल. हे दोन्ही एका खोलीत चालत नाहीत. आम्लाची नुसती वाफसुद्धा अल्कलीच्या सेलचं नुकसान करते. सिरिंज, नरसाळं, हायड्रोमीटर, फडकं, हातमोजे, सगळं वेगळं ठेवायचं आणि त्यावर रंगाची खूण करायची. उद्यमनगरात आजूबाजूला गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडून चार मिनिटांसाठी सिरिंज मागून आणायचा मोह होतो. आणू नका.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे लोखंडाची धूळ. शेजारी लेथ आणि ग्राइंडर चालू असतात, बीड घासलं जातं. ती बारीक पूड सेलच्या माथ्यावर बसली की दोन टोकांमध्ये विजेला वाट मिळते आणि बॅटरी पडल्या पडल्या उतरते. माझ्या खोलीची ग्राइंडरकडची खिडकी मी कायमची बंद करून घेतली आहे आणि हवा वर, छताजवळून बाहेर काढली आहे. वरूनच का, तर चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो. तो हलका, वर चढतो, आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. छताखाली कोंडून ठेवायचा नाही.

पावसाळ्यात, गगनबावड्याकडून सरीवर सर येत असते तेव्हा, खोलीतली दमट हवा बॅटरीला फार त्रास देते. सेलच्या तोंडाशी पांढरी पूड जमते, ती पोटॅशियम कार्बोनेट. बाहेर आलेल्या अल्कलीने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढला की ती बनते. ही पूड पाणी शोषते. उन्हाळ्यात कोरडी, निरुपद्रवी दिसणारी पूड जुलैत ओली होते आणि वीज वाहू लागते. जूनच्या आधी प्रत्येक बॅटरी वरून स्वच्छ झालीच पाहिजे हा आमचा नियम आहे. एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी. पत्र्याखाली दुपारी चार्जिंग लावू नका. गरम सेल नीट भरत नाही, दिलेला करंट उष्णतेत आणि वायूत जातो. रात्री लावा, खोली ३० अंशांच्या आत असताना.

हात लावण्याआधी

घड्याळ, अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, बांगड्या काढून ठेवायच्या. या बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो. चाळीस अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्या वर करंट जाऊ शकतो, आणि बोटातली अंगठी क्षणात लाल होते. पान्यांना दांड्यापासून तोंडापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. शर्टाच्या खिशातला मोबाइलही बाजूला ठेवा, वाकलं की तो नेमका सेलवर पडतो.

डोळ्यांवर पूर्ण बंद गॉगल, हातात रबरी मोजे, अंगावर रबरी एप्रन. अल्कली कातडीवर पडली की आधी बुळबुळीत लागते, आग नंतर होते, म्हणून पोरं दुर्लक्ष करतात. बुळबुळीत लागलं की लगेच नळाखाली हात धरायचा, नंतर बोरिक ॲसिडचं सौम्य द्रावण लावायचं. डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, निदान १५ मिनिटं सतत, पापण्या उघड्या धरून, आणि मग थेट डॉक्टर. डोळ्यात दुसरं काहीही घालायचं नाही. पाण्याची बाटली भरून बाकावर ठेवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

उघडणं आणि साफसफाई

झाकण काढल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं बघा. जोडपट्ट्यांचा रंग बदललाय का? एखादी निळसर-काळसर झाली असेल तर तिथला नट ढिला होता आणि तिथे उष्णता झाली होती. पांढरी पूड सगळीकडे सारखी आहे की एकाच सेलभोवती जास्त? एकाच ठिकाणी ढीग असेल तर त्या सेलची व्हेंट कॅप (वायू बाहेर सोडणारं टोपण) गळते आहे, किंवा त्यात पाणी जास्त भरलंय, किंवा त्याच्या अंगाला चीर आहे. हे सगळं साफ करण्याआधी वहीत लिहा, किंवा फोटो काढा. एकदा ब्रश फिरला की हा पुरावा गेला.

मग प्रत्येक सेलचा व्होल्टेज घ्या. सेलना धन टोकापासून १ ते २० असे क्रमांक द्या आणि ते क्रमांक कधीच बदलू नका.

साफ करताना व्हेंट कॅप बंद हव्यात, म्हणजे घाण आत जाणार नाही. नायलॉनचा ब्रश वापरा, तारेचा नको. तारेचा तुटलेला एक केस दोन टोकांमध्ये अडकला की झालं. पूड कोरडीच झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा आणि हलक्या दाबाच्या हवेने वाळवा. पेट्रोल, थिनर, कार्बन काढायची द्रावणं यांना इथे जागा नाही, ती सेलचं प्लास्टिक खातात. व्हेंट कॅप त्यांच्या खास पान्याने काढून डिमिनरलाइज्ड पाण्यात भिजवा, आतले क्षार विरघळू द्या, रबरी रिंग तडकली असेल तर बदला. या कॅपचं काम नाजूक आहे. आतला वायू ठरावीक दाबाला बाहेर सोडायचा आणि बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही. कॅप चिकटून बसली तर सेल फुगतो.

जोडपट्ट्यांचे नट टॉर्क पान्यानेच आवळा, मॅन्युअलमधल्या आकड्याइतके. अंदाजाने आवळलेला नट एकतर ढिला राहतो, नाहीतर टोकाचा आटा जातो. शेवटी टोकांवर न्यूट्रल व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा.

पूर्ण उतरवणं

सुधारणेचं खरं काम इथे होतं, आणि नवशिक्यांना हेच सगळ्यात उलटं वाटतं. बसलेली बॅटरी हातात आली की माणूस आधी चार्जिंगला लावायला जातो. निकेल-कॅडमियमला आधी पूर्ण, अगदी शून्यापर्यंत उतरवावं लागतं.

कारण विमानात ही बॅटरी साधारण २८ व्होल्टच्या बसला, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या मुख्य वाहिनीला, जोडलेली असते. वीस सेलमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १.४ व्होल्ट. पूर्ण भरताना सेलला १.५ व्होल्टच्या वर जावं लागतं, ती संधी विमानात त्याला मिळतच नाही. त्यात रोज थोडी उतरायची, थोडी भरायची. आठवडे जातात तसे सेल एकमेकांपासून फाकत जातात, कोणी जास्त भरलेला, कोणी कमी. क्षमता कमी दिसायला लागते. बरेच जण याला ‘मेमरी’ म्हणतात आणि बॅटरी टाकून द्यायला निघतात. बहुतेक वेळा सेल खराब झालेले नसतात, फक्त एका रेषेत राहिलेले नसतात. सगळ्यांना शून्यावर आणलं की सगळे एका रेषेत येतात.

आम्ही २० अँपिअरने उतरवतो, म्हणजे क्षमतेच्या निम्म्या करंटने. भार म्हणून रोधकांची पेटी आणि मालिकेत ॲमीटर. व्होल्टेज घसरेल तसा करंटही घसरतो, म्हणून रोध बदलता यायला हवा. एकाने मीटर धरायचा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने लिहायचं. पुतणी आकडे म्हणते तेव्हा मी तिला सांगतो, फक्त आकडा नको, तो कुठे चाललाय तेही बोल: ‘सातवा घसरतोय.’

आता हा सातवा सेल. तो इतरांच्या आधी रिकामा झाला, पण बाकीचे एकोणीस अजून करंट ढकलत आहेत. उसाच्या ट्रॉलीचं एक चाक जाम झालं तरी ट्रॅक्टर ओढतच राहतो आणि चाक रस्त्याला घासत जातं, तसं त्या सेलचं होतं. तो शून्याखाली जातो, त्याची ध्रुवता उलटते (धन टोक ऋण होतं, ऋण धन), आत वायू तयार होतो आणि सेल तापतो. म्हणून १.० व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलवर नजर ठेवायची. वेळ लिहून घ्यायची, आणि तो ०.५ च्या आसपास आला की त्याच्या दोन टोकांना शॉर्टिंग क्लिप लावून त्याला खेळाबाहेर काढायचं. व्होल्टेज जास्त असताना क्लिप लावू नका, मोठी ठिणगी पडते.

बहुतेक सेल १.० व्होल्टला आले की मोठा भार काढा. आता प्रत्येक सेलवर १ ओहमचा रोधक लावायचा, दोन टोकांना मगर-क्लिप. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात निदान २ वॉटचे मागा, सव्वा व्होल्टला दीड वॉटच्या आसपास उष्णता होते, आणि बारीक रोधक जळतात. वीस रोधक, चाळीस क्लिपा. एकदा पोरांनी बसून झाळून ठेवले की वर्षानुवर्षं पुरतात. हे रोधक १६ ते २४ तास तसेच राहू द्या. इथे घाई करू नका. सहा तासांनी मीटर शून्याजवळ दाखवतो, पण रोधक काढला की सेल हळूहळू वर येतो, म्हणजे प्लेटांत अजून शिल्लक होतं. पूर्ण वेळ दिल्यावर, रोधक काढूनही जो सेल शून्याला चिकटून राहतो तोच खरा उतरला. बॅटरी त्या वेळात थंडही होते.

सेल बाहेर काढायचा किंवा बदलायचा असेल तर तो याच अवस्थेत, सगळं शून्यावर असताना. बदलीचा सेल त्याच निर्मात्याचा आणि त्याच प्रकारचा हवा. बसवताना ध्रुवता दोनदा तपासा, एकदा बसवणाऱ्याने आणि एकदा दुसऱ्याने.

भरणं

व्हेंट कॅप सैल करा, पण काढू नका. पाणी अजून घालायचं नाही, कितीही कमी दिसलं तरी. त्याचं कारण पुढे येईल.

आम्ही स्थिर करंटने दोन टप्प्यांत भरतो. पहिला टप्पा २० अँपिअर, दोन ते अडीच तास, सेल १.५५ व्होल्टच्या आसपास पोहोचेपर्यंत. दुसरा टप्पा ४ अँपिअर, पूर्ण चार तास. बॅटरीच्या क्षमतेपेक्षा बरंच जास्त आपण आत घालतो हे लक्षात येईल. ते मुद्दाम आहे. मागे राहिलेल्या सेलना पुढच्यांबरोबर यायला हाच वाढीव चार्ज लागतो, आणि करंट लहान असल्यामुळे आधी भरलेले सेल तो वायूच्या रूपाने सोडून देतात.

चार्ज सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं बाक सोडायचा नाही. एखादा सेल लगेच १.५ च्या वर उडी मारत असेल तर तो आतून कोरडा आहे. फक्त त्याच सेलमध्ये थोडं डिस्टिल्ड वॉटर, साधारण ५ मिलिलिटर, घाला आणि पुन्हा बघा. चार्जआधी पाणी न घालण्याच्या नियमाला हा एकच अपवाद.

पावसाळ्यात लाइट जाते. चार्जरचा टायमर काही वेळा चालूच राहतो आणि बॅटरीला मात्र काही मिळालेलं नसतं. म्हणून आमच्या वहीत घड्याळाबरोबर अँपिअर-अवर लिहिले जातात: करंट किती, किती वेळ खरोखर गेला. लाइट गेली की वेळ लिहा, आली की वेळ लिहा, हिशेब पूर्ण करा.

पाणी

निकेल-कॅडमियममध्ये द्रवाची घनता चार्जबरोबर बदलत नाही, ती साधारण १.२४ ते १.३० च्या दरम्यान तशीच राहते. म्हणून हायड्रोमीटर बुडवून ही बॅटरी किती भरली ते कळत नाही. ट्रकच्या बॅटरीवर शिकलेली माणसं इथे फसतात. इथे बदलते ती पातळी. सेल उतरताना प्लेटा द्रव शोषून घेतात, पातळी खाली जाते. भरताना तो परत बाहेर येतो, पातळी वर चढते. उतरलेल्या सेलमध्ये पाणी कमी दिसलं म्हणून काठोकाठ भरलं, तर चार्जिंगच्या शेवटी तेच अल्कलीसकट व्हेंटमधून बाहेर उकळतं. मग पांढरी पूड, गळणारा करंट, गंजणारं कव्हर. बाहेर गेलेली अल्कली नुसत्या पाण्याने भरून येत नाही, सेलमधला द्रव कायमचा पातळ होतो.

म्हणून पाणी घालायची वेळ एकच: दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात, ४ अँपिअर चालू असताना. निर्मात्याची सिरिंज असते, तिच्या नळीची लांबी त्या सेलसाठी ठरलेली. नळी तोंडाला टेकवून ओढा. द्रव येत असेल तर पातळी जास्त आहे, हवा येईपर्यंत काढून घ्या. काहीच आलं नाही तर मोजून पाणी घाला, पुन्हा ओढा, नळीच्या टोकाला द्रव जेमतेम लागेपर्यंत.

पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, सीलबंद बाटलीतलं. घरच्या आरओचं चालणार नाही, त्यात क्षार उरतात. पुन्हा भरून विकलेल्या बाटल्याही घेऊ नका, त्यात आधी काय होतं कोणास ठाऊक, आणि आम्लाचा अंश असेल तर सेल गेला.

कोणत्या सेलला किती मिलिलिटर लागलं ते प्रत्येकाच्या खात्यात लिहा. पोरं इथे कंटाळतात, आणि मी सगळ्यात कडक इथेच असतो.

वही काय सांगते

पाण्याचे आकडे एका ओळीत मांडा. बहुतेक सेलना जवळपास सारखं पाणी लागतं. एखाद्याला बरंच जास्त लागलं तर त्याच्या अंगाला चीर असेल किंवा कॅप गळत असेल. एखाद्याला फारच कमी लागलं तर माणूस खूश होतो, आणि तोच सेल धोक्याचा असू शकतो. भरलेल्या सेलने पाण्याचं विघटन करून वायू सोडायला हवा. तो सोडत नाही, कारण आतला सेपरेटर, म्हणजे धन आणि ऋण प्लेटांमधला पातळ पडदा, फाटलाय, धन प्लेटचा ऑक्सिजन ऋण प्लेटवर पोहोचून तिथेच मुरतोय आणि त्याची उष्णता होतेय. वहीत याची दुसरी साक्ष मिळते: दुसऱ्या टप्प्यात या सेलचा व्होल्टेज आधी वर जातो आणि मग खाली यायला लागतो, शेजारचे चढत असताना. हात जवळ नेला तर तो इतरांपेक्षा गरम लागतो. अशा सेलला दुसरी संधी नाही, तो बदलायचा.

चार्जच्या शेवटी चांगला सेल १.५ च्या वर आणि १.७ च्या आसपास स्थिर असतो. १.५ ला पोहोचतच नाही असा सेल सेपरेटरचा संशयित. फार वर, १.७५ च्या पुढे जाणारा बहुतेक कोरडा असतो. पाणी घालून पुन्हा बघा, तरी खाली येत नसेल तर काढा.

मग क्षमतेची परीक्षा. भरलेली बॅटरी थंड होऊ द्या, व्हेंट कॅप बंद करा आणि ४० अँपिअरने, म्हणजे एका तासाच्या करंटने उतरवा. अर्ध्या तासानंतर पाच-पाच मिनिटांनी वीसही सेल वाचा, ४५ मिनिटांनंतर सतत. पहिला सेल १.० व्होल्टवर आला ती वेळ म्हणजे बॅटरीची क्षमता. ५१ मिनिटं किंवा जास्त भरली तर ८५ टक्के, म्हणजे सेवेच्या रेषेवर. कमी भरली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून: रोधक, सोळा तास, चार्ज, पाणी, परीक्षा. दुसऱ्या फेरीत बहुतेक सेल सुधारतात, कारण त्यांना फक्त एका रेषेत यायचं होतं. तिसऱ्या फेरीनंतरही तोच सेल आधी पडत असेल तर तो दमलाय, बदलायचा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सेल बदलावे लागत असतील तर संपूर्ण बॅटरी बाद समजा. जुन्यांच्या रांगेत खूप नवे घातले की पुन्हा तोच तोल बिघडतो.

विमानात असताना

बसवर जोडलेली बॅटरी गरम झाली की तिचा व्होल्टेज उतरतो. बस मात्र २८ व्होल्टवर ठाम. फरक वाढला की करंट वाढतो, करंट वाढला की ती आणखी तापते. हा फेरा स्वतःहून थांबत नाही, यालाच थर्मल रनअवे म्हणतात. सुरुवात बहुतेक वेळा वर सांगितलेल्या फाटक्या सेपरेटरच्या एका सेलपासून होते. म्हणून अशा विमानांत बॅटरीचं तापमान किंवा चार्जिंग करंट दाखवणारा इशारा असतो. शॉपमध्ये बॅटरी आली की तिचा तापमान सेन्सरही तपासा. इंजिन एकामागून एक अनेकदा सुरू करायचा प्रयत्न झाला असेल, तर ती तापलेलीच पुन्हा चार्जला लागलेली असते. लॉगमध्ये तशी नोंद दिसली की ती बॅटरी ठरलेल्या तारखेच्या आधीच उतरवून मागा.

ठेवायची असेल तर

निकेल-कॅडमियम लांब काळ ठेवायची तर उतरवून, शॉर्ट करून, स्वच्छ आणि सरळ उभी ठेवा. वर्षानुवर्षं टिकते. शिशाची बॅटरी अगदी उलट, ती भरूनच ठेवायची. उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि ते परत जात नाही.

शिकाऊ विमानांत २४ व्होल्टची शिशाची सीलबंद बॅटरी बऱ्याचदा असते. तिचे सेल उघडता येत नाहीत, म्हणून विश्रांतीनंतरचा व्होल्टेज आणि क्षमतेची परीक्षा एवढंच हातात राहतं. विश्रांतीनंतर २५ व्होल्टच्या खाली आली की चार्ज करा, साधारण २८ ते २८.५ व्होल्टला. खोल उतरलेली असेल तर निर्माता सांगतो तसा क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याचा स्थिर करंट १६ तास द्यावा लागतो. विमान महिनाभर हँगरमध्ये उभं राहणार असेल तर केबल काढा, घड्याळासारखे छोटे भार तिला हळूहळू संपवतात.

लिथियमची बॅटरी बाकावर उघडायची नाही. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टनच्या विमानतळावर उभ्या बोइंग ७८७ च्या बॅटरीला आग लागली. तिच्यात आठ सेल होते, एका सेलमधलं आतलं शॉर्ट सर्किट शेजाऱ्यांपर्यंत पसरलं. काही दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या विमानात तसाच प्रकार झाला आणि जगभरातली ७८७ विमानं काही महिने जमिनीवर राहिली. अशा बॅटरीची देखभाल निर्मात्याच्या यंत्रावरच होते. आपण फक्त खोक्यावर डेंट, फुगवटा, वास आहे का ते बघायचं आणि नोंद करायची.

बाद सेलचं काय

कॅडमियम विषारी आहे. बाद सेल भंगारात द्यायचा नाही, फोडायचा नाही. साफसफाईचं अल्कलीचं पाणी बोरिक ॲसिडने शांत केल्याशिवाय मोरीत सोडायचं नाही. उद्यमनगरातलं गटार शेवटी जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळतं, आणि तेच पाणी खाली गावागावांत शेताला आणि जनावरांना जातं. हे मी प्रत्येक नव्या पोराला गटाराजवळ उभं करून सांगतो.

बाद सेल पूर्ण उतरवा, दोन्ही टोकांवर टेप लावा, व्हेंट बंद करा, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात उभे ठेवा आणि डब्यावर ‘निकेल-कॅडमियम, अल्कली’ असं ठळक लिहा. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ प्रमाणे ते नोंदणीकृत रीसायकलरकडेच जायला हवेत. आपल्याकडे सेल थोडे साचतात, म्हणून डबा भरेपर्यंत आम्ही थांबतो आणि एकदाच पाठवतो. पावती घ्या आणि ती त्या सेलच्या क्रमांकासमोर वहीत चिकटवा. खातं तिथे बंद करायचं.